मागच्या सीटला ऐकू येईपर्यंत

सयाजी लोंढे यांनी पेनाचं टोपण काढलं, समोरच्या कागदाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

तळेगाव दाभाड्याच्या बाहेर, अर्धवट उभ्या असलेल्या इमारतीच्या पायथ्याशी बिल्डरचं पत्र्याचं ऑफिस होतं. टेबलाच्या एका बाजूला फ्लॅटची विक्री पाहणारा सुजित नावाचा तरुण आणि दुसऱ्या बाजूला लोंढे कुटुंब: सयाजी, त्यांच्या पत्नी सुमनताई, मुलगा दिग्विजय आणि सून योगिनी. कागद बुकिंगचा होता. आकुर्डीचं घर विकायचं, त्या पैशात इथे फ्लॅट घ्यायचा आणि चौघांनी इथे राहायला यायचं, असा बेत होता. आकुर्डीचं घर सयाजींच्या नावावर होतं, म्हणून सही त्यांची लागत होती. हा बेत त्यांना त्या टेबलापाशी बसल्यावर कळला.

"अण्णा, इथे." दिग्विजयने कागदावर बोट ठेवलं. आवाज त्याने चढवलेलाच होता.

"घर इकायचं कधी ठरलं?"

"असं काय करता? गेले कित्येक रविवार गाडीत आपण तेच तर बोलतोय."

"तुमी बोलताय," सयाजी म्हणाले. "मी नुसता गाडीत असतो."

सुजितने पाण्याचे ग्लास उगाच इकडचे तिकडे केले. सुमनताई पर्सची चेन उघडून बंद करू लागल्या. सयाजींनी पेन सुजितपुढे ठेवलं आणि ते उठले.

"पुढच्या रविवारी बघू."

"पुढच्या रविवारी काय वेगळं होणार आहे, अण्णा?"

"मला ऐकू येईल."

सयाजींचे कान गेले ते भोसरीत. पत्र्याला दाबून गाडीचे दरवाजे आणि बॉनेट काढणाऱ्या मोठ्या प्रेसच्या शॉपमध्ये ते मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तिथे कानात कापूस घालायची पद्धत होती, तीही ज्याला वाटेल त्याने. कारखान्याने चांगले इअरप्लग वाटायला सुरुवात केली, तोवर सयाजींना बायकोची हाक ऐकू येईनाशी झाली होती. निवृत्तीनंतर योगिनीच्या आग्रहाने त्यांनी दोन्ही कानांत मशीन बसवली. ती ब्लूटूथची होती, थेट फोनला जोडली जायची. त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली होती. चाकणच्या कंपनीतून दिग्विजयने फोन केला की त्याचा शब्द न् शब्द सयाजींना ऐकू यायचा. तोच दिग्विजय गाडीत हातभर अंतरावर बसून बोलला की चाकांची घरघर आणि वाऱ्याचा सूं आवाज एवढंच कानी यायचं.

गाडी दिग्विजयची, इलेक्ट्रिक. स्टिअरिंगवर तो, शेजारी सुमनताई, कारण मागे बसलं की त्यांना गाडी लागायची. मागे सयाजी आणि योगिनी. दिग्विजय आणि योगिनी दोघंही शिफ्टच्या नोकऱ्यांत असल्याने घरात चौघं एकत्र सापडायची ती फक्त रविवारच्या या फेरीत, आणि घरातलं जे काही ठरायचं ते गाडीतच ठरायचं. पुढे हात हलायचे, मान डोलायची. सयाजी विचारायचे, "काय म्हणतोय?" उत्तर यायचं, "काही नाही, अण्णा." गेल्या काही वर्षांत त्यांनी सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य तेच होतं.

शर्टाला लावायचा छोटा माइक मशीनबरोबर मिळाला होता. तो पहिल्या महिन्यात दिग्विजयने लावला, मग कधी चार्जिंग नसायचं, कधी तो घरी राहायचा, आणि शेवटी तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेला. सयाजींनी त्यानंतर तो कधी मागितला नाही. "कुणाच्या आठवणीवर मला ऐकायचं न्हाई," असं ते सुमनताईंना एकदा म्हणाले होते.

आता त्यांच्या डोक्यात जे होतं, ते त्यांनी मन्सूरभाईंच्या गॅरेजमध्ये पाहिलं होतं. मन्सूर तांबोळी भोसरीत त्यांच्याच शॉपला होते. नोकरी सोडून त्यांनी चिंचवडला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं आणि आता त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाड्याही यायच्या. दिग्विजयच्याच मॉडेलची, पण नंतर निघालेली एक गाडी तिथे उभी होती. सयाजी सहज मागे बसले. त्या गाडीत मागच्या प्रवाशांसाठीच्या स्क्रीनला स्वतःचं ब्लूटूथ होतं. पुढच्या छतातल्या माइकवर पडणारा आवाज ते मागच्या हेडफोनला पोचवायचं. मन्सूरभाईंनी सयाजींची मशीन त्याला जोडली, स्वतः पुढे जाऊन बसले आणि पाठमोरे, ओठ न दाखवता, पुटपुटले, "या म्हाताऱ्यानं सकाळपासून चहा पाजला नाही."

"तूच पाज, गॅरेज तुझं हाय," सयाजी मागून म्हणाले होते. 

जुन्या मॉडेलमध्ये फरक एका मॉड्युलचा होता. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या कन्सोलमध्ये, मागच्या स्क्रीनखाली, तळहाताएवढी डबी. जुन्या डबीत ब्लूटूथ नव्हतं. नवी डबी त्याच जागी, त्याच कपलरला, म्हणजे वायरींच्या जोडाला, बसत होती.

तळेगावहून परतल्यावर सयाजींनी मन्सूरभाईंना फोन करून डबी मागवायला सांगितली आणि रात्रीच्या जेवणाला बसताना दिग्विजयपुढे विषय काढला.

"वॉरंटी जाईल," दिग्विजय म्हणाला.

"सुटा पार्ट कंपनीचाच हाय."

"बसवणारा कंपनीचा नाहीये ना. अण्णा, गाडी आहे ती. तुमची प्रेस नाही, उघडली आणि जोडली."

"गाडी तुझी हाय, त्याला माझी ना न्हाई," सयाजी म्हणाले. "कान माझे हायत. आणि सही माझी हाय."

दिग्विजयने आईकडे पाहिलं. सुमनताईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. "करू दे त्यांना. तुझं काय जातंय?"

"बरं. शनिवारी माझी सकाळची शिफ्ट आहे, मी कंपनीच्या बसने जातो. पण रविवारी गाडी चालू पाहिजे. सुजित त्यापुढे फ्लॅट थांबवणार नाही."

"रविवारी गाडी चालू आसंल."

शनिवारी योगिनीने गाडी चिंचवडला आणली. सयाजींनी घरून स्वतःची हत्यारं घेतली होती आणि दारामागच्या खिळ्यावर टांगलेलं लाल कुलूपही.

हे कुलूप नोकरीतलं होतं. सयाजी कामाला लागले तेव्हा भोसरीच्या त्या शॉपमध्ये कुलपाची पद्धत नव्हती. सोपानराव नावाचे फिटर प्रेसच्या पोटात शिरून पट्टा बदलत होते, बाहेर दुसऱ्या कोणीतरी मेन स्विच टाकला आणि सोपानरावांचा उजवा हात कोपरापासून गेला. त्यानंतर प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला स्वतःचं लाल कुलूप आणि स्वतःच्या फोटोचा बिल्ला मिळाला. मशीनवर काम करायचं तर आधी वीज तोडायची, त्या जागी आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. काम संपलं की ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. दुसऱ्याने नाही. सुपरवायझरने नाही, मालकाने नाही. दुसऱ्याचं कुलूप तोडणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जायची आणि त्याच्या बाजूने युनियनसुद्धा उभी राहायची नाही. निवृत्त होताना सयाजींनी घड्याळ घेतलं नाही, हे कुलूप मागून घेतलं.

गॅरेजमध्ये त्यांनी बॉनेट उघडलं, आतल्या बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर सोडली, वायरीच्या टोकावर प्लास्टिकची डबी घालून तिला कुलूप लावलं, बिल्ला अडकवला, किल्ली खिशात टाकली आणि बॉनेट खाली आपटून बंद केलं.

मन्सूरभाई हातात चहाचे ग्लास घेऊन आले आणि जागीच थांबले.

"सयाजीभाऊ, बॉनेट बंद केलंत?"

"पॅनलचं दार उघडं टाकून कामाला बसायचं न्हाई. इसरलास का?"

"मी नाही विसरलो. पण हे बॉनेट उघडतं कशावर, माहितीये? विजेवर. आणि वीज तुम्ही आत कुलपात घातली. वा रे वा! किल्ली खिशात, कुलूप पेटीत, आणि पेटीला हँडलच नाही." ते इतके हसले की चहा हिंदकळला. "भोसरीत असता तर बोर्डावर फोटो लावला असता तुमचा. महिन्याचा सर्वोत्तम कामगार."

योगिनीही हसली आणि मग घाबरून म्हणाली, "आता उघडणार कशी? उद्या सकाळी गाडी हवीय."

सयाजींनी चहा घेतला. चूक झाली होती, ती त्यांना दिसत होती, आणि त्यावर बोलून बॉनेट उघडणार नव्हतं. "एखाद्याची बॅटरी बसली," ते म्हणाले, "तर त्यानं बॉनेट कसं उघडायचं? बनवणाऱ्यानं काहीतरी इचार केला आसंल की न्हाई?"

"केलाय," मन्सूरभाई म्हणाले. "पण मी मुद्दाम सांगणार नाही. शोधा."

सयाजी पुढच्या बंपरपाशी गुडघ्यावर बसले आणि बोटांनी चाचपत गेले. गाडी ओढायचा हूक लावतात तिथे एक गोल झाकण होतं. झाकणामागे दोन वायरी गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मन्सूरभाईंनी न बोलता एक जुनी बॅटरी त्यांच्यापुढे सरकवली. वायरी टेकवल्याबरोबर बॉनेट उचललं गेलं. सयाजींनी कुलूप तपासलं, ते जागेवर होतं. या खेपेला त्यांनी बॉनेट उघडं ठेवलं आणि त्याच्यापुढे एक स्टूल आडवं लावलं.

कन्सोल उघडायला वेळ लागला. प्लास्टिकच्या क्लिपा एकेक करून सोडायच्या होत्या; एक तुटली, तिच्या जागी मन्सूरभाईंनी दुसरी शोधून दिली. जुनी डबी निघाली. नवी बसवताना कपलर आत ढकलायचा, खट् असा आवाज आला की तो बसला, मग मागे ओढून खात्री करायची, अशी या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्याची शिकवण आहे. सयाजींना खट् ऐकू येत नव्हतं. ते डाव्या हाताचा अंगठा कपलरच्या पाठीवर टेकवायचे आणि तो ठोका बोटात आला की ओढून बघायचे. मन्सूरभाई कान देऊन उभे होते. प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली, पण सयाजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बॅटरी जोडली. कुलूप सयाजींनी काढलं. मागची स्क्रीन उजळली आणि तिच्यावर वाक्य आलं: नवीन मॉड्युल आढळलं, गाडीच्या मालकाच्या फोनवरून परवानगी आवश्यक.

"मालक म्हणजे दिग्विजय," योगिनी म्हणाली.

"त्यात काय?" मन्सूरभाई म्हणाले. "त्याच्या फोनवर आता विचारणा गेली असेल. 'हो' दाबायचं, संपला विषय."

कारखान्यात कामाच्या लाइनवर फोन न्यायला बंदी असते, तो लॉकरमध्ये राहतो. त्यामुळे चहाच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागलं. सुट्टी झाली आणि दिग्विजयचाच फोन आला. तो सयाजींच्या दोन्ही कानांत स्वच्छ उतरला. मागे कोणीतरी वडापावसाठी ओरडत होतं, तेही ऐकू आलं.

"अण्णा, झालं का काम?"

"झालं. तुझं 'हो' तेवढं राहिलंय."

"ते... बघतो. आत्ता गडबड आहे. घरी आल्यावर करतो."

"नुसतं दाबायचं तर हाय."

"घरी आल्यावर, अण्णा." आणि फोन ठेवला गेला.

योगिनी गाडीच्या दारापाशी उभी होती. सयाजींनी तिला विचारलं, "गडबड हाय म्हणतो. खरंच हाय?"

 ती जवळ आली आणि त्यांना ओठ दिसतील अशी समोर उभी राहिली. "अण्णा, त्याच्या पाठीमागे मी काही सांगणार नाही. नवरा आहे माझा. पण तुम्ही स्वतः ऐका. एवढं नक्की करा."

संध्याकाळी दिग्विजय घरी आला, हातपाय धुतले, चहा घेतला. सयाजींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "उद्या करू. बुकिंग झालं की लगेच, तिथेच."

"आधी का न्हाई?"

"आधी आणि नंतर, काय फरक पडतो, अण्णा?"

"पडतो म्हणून तर तू नंतर म्हणतोयस," सयाजी म्हणाले आणि त्यांनी तो विषय त्या संध्याकाळी पुन्हा काढला नाही.

रविवारी सकाळी दिग्विजय गाडी काढायला बाहेर आला तेव्हा गाडी दारात चार्जिंगला लावलेली होती. चार्जरच्या पिस्तुलासारख्या गनच्या खटक्याला एक भोक असतं, चोरीच्या भीतीने कुलूप घालायला. त्या भोकात लाल कुलूप होतं. कुलपाला बिल्ला होता, त्यावर काळ्या मिशांतला सयाजींचा तरुणपणीचा फोटो आणि खाली छापलेलं: काम चालू आहे, हात लावू नये. खटका दाबता येत नव्हता, त्यामुळे गन निघत नव्हती. आणि गन लावलेली असेपर्यंत ही गाडी जागची हलत नाही.

सयाजी पायरीवर बसून नेलकटरने नखं कापत होते.

"अण्णा, हे काय?"

"काम चालू हाय."

"किल्ली द्या."

"काम संपलेलं न्हाई."

"अण्णा, लोक बघतायत. सुजितचा दोनदा फोन आला. किल्ली द्या."

"तू चाकणला कशात हायस?"

"तुम्हाला माहितीये मी कशात आहे."

"सांग."

"मेंटेनन्स प्लॅनिंगला."

"तुझ्या खात्यात कुणाचं लाल कुलूप आसलं आणि माणूस समोर बसलेला आसला, तर तू काय करतोस?"

दिग्विजयने घराकडे पाहिलं. घरात मांडणीवर कटर होता, तो कुठे आहे हे त्याला माहीत होतं. सुमनताई दारात येऊन उभ्या होत्या, साडी बदललेली, पर्स खांद्याला.

"आण की कटर," त्या म्हणाल्या. "मी देते आणून. मग उद्या कंपनीत तुझ्या पोरांना सांग, साहेबानं बापाचं कुलूप कापलं म्हणून."

"आई, तू गप्प बस ना."

"मी गप्पच असते रे. पुढे बसून गप्प असते."

दिग्विजयने कुलूप हातात घेतलं, बिल्ला उलटा केला, सुलटा केला. लहानपणी हेच कुलूप खेळायला घेतलं म्हणून त्याने सयाजींचा मार खाल्ला होता. लोंढ्यांच्या घरात मुलांवर हात उगारला गेल्याची तेवढी एकच वेळ. त्याने कुलूप सोडलं. ते गनवर आपटून खणकलं.

"तुम्हाला ऐकू आलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," तो म्हणाला. वडिलांना ऐकवण्यासाठी त्याने आवाज चढवला नव्हता, पण तो समोर उभा होता आणि सयाजींना त्याचे ओठ दिसत होते.

"म्हणलो आसतो."

"मग?"

"मग तू मला समजावलं आसतंस. मी आयकलं आसतं, न्हाईतर भांडलो आसतो. त्यो माझा हक होता, आणि समजावणं तुझं काम होतं. तू काम चुकवलंस."

दिग्विजयने फोन काढला. स्क्रीनवर कालची विचारणा तशीच होती. त्याने बोट वर धरलं, योगिनीकडे पाहिलं. ती खिडकीत उभी होती आणि त्याच्या मदतीला आली नाही. त्याने 'हो' दाबलं.

मागच्या स्क्रीनवर एक रेघ हळूहळू भरत गेली. सयाजी मागच्या सीटवर जाऊन बसले आणि ती पूर्ण भरेपर्यंत तिच्यावरून नजर हलवली नाही. मग स्क्रीनवर त्यांच्या दोन्ही मशीनची नावं आली. त्यांनी ती एकेक करून जोडली, खाली उतरले, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप काढलं. गन दिग्विजयने काढून जागेवर टांगली.

निगडीच्या पुलापर्यंत कोणी बोललं नाही. सयाजींना वळणाचा दिवा टिकटिकताना ऐकू आला. सुमनताईंच्या बांगड्या ऐकू आल्या. दिग्विजय नाकाने श्वास सोडतो, तोही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गाडीत बसल्यावर ते नेहमी तसंच करायचे, कारण न ऐकू येणाऱ्या बोलण्याकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

देहूरोड मागे पडला. मिटलेले डोळे बघून असेल किंवा इतक्या वर्षांची सवय असेल, सुमनताई मुलाला खालच्या आवाजात म्हणाल्या, "यांना तळेगाव पाहिजे म्हणून मी हो म्हणते हां. नाहीतर मला ते घर सोडवत नाही. दारातली जास्वंद, शेजारच्या बायका... तिथे चौथ्या मजल्यावर मी काय करू? पण तू म्हणालास ना, अण्णांची फार इच्छा आहे, मागच्या रविवारी ते नुसते ऐकू न आल्याच्या रागाने उठले."

दिग्विजयचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. "आई, आत्ता नको."

"आत्ता नको, मग कधी? आज सही आहे."

"माझी कधी इच्छा होती?" मागून आवाज आला.

सुमनताई गर्रकन वळल्या. सयाजींचे डोळे उघडे होते.

"मला ह्यानं सांगितलं," सयाजी म्हणाले, "ह्याच आठवड्यात, चाकणवरनं फोन करून, की आईला लिफ्टचं घर पाहिजे. गुडघे दुखतात तिचे."

"माझे गुडघे?" सुमनताई म्हणाल्या. "माझे गुडघे चांगले आहेत."

"दिग्विजय," सयाजी म्हणाले, "गाडी कडंला घे."

त्याने पुढच्या पेट्रोलपंपाच्या आवारात, हवा भरायच्या जागेच्या पलीकडे गाडी उभी केली. इंजिन नसल्याने गाडीत एकदम शांतता झाली. सयाजींना ही शांतता गाडी चालू असतानाच्या शांततेपेक्षा वेगळी आहे हे कळलं. आता तिच्यात माणसं होती.

"बोल," ते म्हणाले. "तोंड पुढंच ठेव. मला ऐकू येतंय."

दिग्विजय पुढे बघूनच बोलला. आधी तुटक, मग सलग. चाकणच्या रस्त्यावर रोज जाताना आणि येताना किती वेळ जातो. ट्रकांच्या रांगेत गाडी दोन हात सरकते आणि थांबते. मागच्या महिन्यात कंपनीची बस चुकली म्हणून गाडी घेऊन गेला होता, परत येताना मोशीपाशी सिग्नलला डोळा लागला आणि मागच्या टेंपोवाल्याने काच ठोकून उठवलं. योगिनीला ते माहीत आहे, आईला नाही. तळेगावहून चाकणला जाणं सोपं आहे. एकट्यांनी जायचं तर म्हाताऱ्या आई-वडिलांना टाकून गेला असं लोक म्हणणार. सगळ्यांनी जायचं तर दोघं हो म्हणणार नाहीत. "मग मी दोघांना वेगवेगळं सांगितलं," तो म्हणाला. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून जमलं. मला माहितीये ते कसं आहे. तुम्ही सांगायची गरज नाही."

मागे योगिनी बाहेर बघत होती. पंपावरचा पोरगा एका रिक्षात हवा भरत होता.

 मोशीचा सिग्नल, टेंपोवाला, काच. हे सयाजींनी पहिल्यांदा ऐकलं होतं. घरात कोणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं आणि विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, काही नाही, अण्णा.

"डोळा लागला हे आधी सांगायचं," ते म्हणाले.

"कोणत्या तोंडाने, अण्णा? ओरडून? गाडीत ओरडून सांगू, मी झोपलो होतो म्हणून?"

"व्हय. ते अवघड गेलं आसतं." सयाजी थोडे पुढे झाले आणि पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "सुमन, तुला आकुर्डी सोडायची न्हाई?"

"नाही."

"मला बी न्हाई." मग मुलाला, "तुमी दोघं तळेगावला भाड्यानं घर घ्या. आजच बघू, आलोच हाय तर. लोक काय म्हणतात ते मी बघतो. माझा पोरगा कामाच्या गावी राहायला गेला, मीच लावला, आसं मी सांगीन. आकुर्डीचं घर इकायचं न्हाई. रविवारी तू आम्हाला न्यायला यायचंस. फेरी बंद करायची न्हाई."

"आणि तुमच्याकडे लक्ष कोण देणार?"

"आमचं आम्ही देऊ. न्हाई जमलं, तर त्या दिवशी मी सही करीन. पण मला इचारून, आणि हिला इचारून. वेगवेगळं न्हाई, एकत्र."

दिग्विजयने तोंडावरून हात फिरवला. "चालेल," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोलू नको. ऐकू येतंय."

तळेगावच्या पत्र्याच्या ऑफिसात सुजितने कागद तयार ठेवले होते आणि पेन वर काढून ठेवलं होतं. सयाजींनी पेन उचलून त्याच्या हातात दिलं. "फ्लॅट दुसऱ्या कुणाला द्या," ते म्हणाले. "भाड्याचं घर दाखवणारं कुणी वळखीचं आसलं तर सांगा. खालच्या मजल्यावरचं. आईला जिना चढायला लागला न्हाई पायजे, ती रविवारी येईल."

"माझे गुडघे चांगले आहेत म्हटलं ना!" सुमनताई म्हणाल्या.

सुजितने पेन बंद केलं. त्याला वाईट वाटलं असावं, पण त्याने एका दलालाचा नंबर दिला.

परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर पाहिलेल्यांपैकी कोणतं घर घ्यायचं यावर वाद चालला होता. स्टेशनजवळचं की आत गावातलं, पाणी कुठे बरं येतं, गाडीला चार्जिंगची जागा कुठे मिळेल. सयाजी अधूनमधून बोलत होते, बहुतेक वेळा न विचारता. घरात घुसणाऱ्या उन्हाबद्दल, मीटर कुठल्या भिंतीला असावा याबद्दल, चार्जरच्या वायरीच्या जाडीबद्दल. देहूरोड गेल्यावर दिग्विजयने आरशात पाहिलं आणि सवयीने आईकडे झुकून, ओठ फारसे न हलवता, म्हणाला, "आता यांच्यासमोर काही बोलायची सोयच राहिली नाही."

"न्हाई," सयाजी मागून म्हणाले. "आणि डाव्या दरवाज्यात काहीतरी खडखडतंय. उद्या मन्सूरकडं टाक."